जुन्याशी जुळत नाही

माझं काम सांगायला सोपं आहे. आकाशात फिरणारं एक यान कोणत्या क्षणी कुठे होतं आणि त्याचं तोंड कुणीकडे होतं, याचे आकडे बरोबर आहेत का ते पाहायचं. नुसतं कुठे आहे एवढं कळून भागत नाही. कोथरूडच्या कुठल्याही स्टँडवर जा. रिक्षा समोर उभी असते, पण तिचं तोंड नेमकं तुमच्या घराच्या उलट दिशेला, आणि ते काही केल्या वळत नाही.

मागच्या वर्षी हे आकडे काढणारं सॉफ्टवेअर बदललं. हौस म्हणून नाही, जुन्यात चूक होती म्हणून. यान एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे वळलं की लगेच स्थिर होत नाही, जरा डुलतं. जुनं सॉफ्टवेअर हे डुलणं पुसून टाकायचं आणि यान कसं शहाण्यासारखं उभं आहे, असं सांगायचं. म्हणून सगळे जुने आकडे नव्याने काढले आणि तपासायला माझ्याकडे दिले.

माझ्या शेजारच्या टेबलावर यवतमाळची एक मुलगी बसते. मुलगी आपली म्हणायला, तिशी उलटलेली संशोधक आहे, कंत्राटावर. हे डुलणं तिने सॉफ्टवेअरवाल्यांच्या कितीतरी आधी पकडलं होतं. यानाने काढलेले ताऱ्यांचे फोटो पाहत बसायची. वळल्यानंतरच्या फोटोंत तारे जागचे सरकलेले दिसतात, हे तिने दाखवलं आणि त्यावर पेपर लिहिला. आमच्याकडे पेपर बाहेर पाठवायला समितीची परवानगी लागते आणि समितीचे अध्यक्ष आमचेच विभागप्रमुख. त्यांनी पेपर परत केला. का, तर "डेटात असं काही दिसत नाही." अहो, डेटाच चुकलाय असं ती बिचारी सांगतेय आणि तुम्ही तिच्यापुढे तोच डेटा नाचवता? पेपर नाही म्हणजे मुदतवाढ नाही. मुदतवाढ नाही म्हणजे तिने गाशा गुंडाळून यवतमाळ गाठायचं.

नवे आकडे बरोबर ठरले की तिचंही म्हणणं खरं ठरणार, म्हणून मी उत्साहाने कामाला लागले. आमच्या तपासणीची पद्धत पूर्वीपासून एकच: नवे आकडे जुन्यांशी ताडायचे, जुळले की पास. ताडून पाहिले तर यान जिथे जिथे वळलं तिथे तिथे स्क्रीन लालभडक. विभागप्रमुख मागे येऊन उभे राहिले.

"मॅडम, हे तर नापास आहे. जुन्याशी जुळत नाही."

"सर, जुळलं असतं तर सॉफ्टवेअर बदलून काय मिळवलं?"

"असं करा, जुळत नाही तेवढ्या जागी जुनेच आकडे ठेवा."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे नवा चष्मा करायचा आणि जिथे स्वच्छ दिसतं तिथे जुनी काच बसवायची! धन्य आहे. मी त्या मुलीचीच पद्धत उचलली. ताऱ्यांचे फोटो घेतले आणि त्यांच्यावर आधी जुने आकडे लावले, मग नवे. जुन्यांनी तारे भलतीकडे, नव्यांनी प्रत्येक तारा आपल्या जागेवर. भर मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवलं. शेवटी विभागप्रमुखांनी नवा डेटा मान्य केला आणि मी तिला म्हटलं, "जा, आता पेपर पुन्हा दे."

तिने दिला. तो परत आला. शेरा होता, "हे आता डेटातच दिसते. यात नवीन काय?"

आधी डेटात नाही म्हणून नको, आता डेटात आहे म्हणून नको. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना! मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. ती मात्र शांतपणे डबा पिशवीत भरत होती.

"जाऊ द्या ना ताई. काहून डोकं लावता त्यांच्याशी?" म्हणाली. खोली सोडत असल्याचं घरमालकांना सांगूनही झालं होतं तिचं.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख नव्या डेटासोबत जायचं टिपण घेऊन माझ्याकडे आले. त्यात लिहिलं होतं की दोष नेहमीच्या तपासणीत लक्षात आला.

"नेहमीच्या तपासणीत?" मी म्हटलं. "नेहमीच्या तपासणीत आपण तो परत आत घालत होतो. हा तिने शोधलाय. तसं लिहा आणि तिचा पेपर पाठवा."

"अहो मॅडम, अशा टिपणात कोणाचं नाव घालत नाहीत. तुम्ही फक्त खाली सही करा."

मी पेनला टोपण लावलं.

"अहो, तपासणाऱ्याची सही नसेल तर डेटा बाहेरच जात नाही!"

"माहीत आहे, सर," मी म्हटलं. "म्हणूनच करत नाहीये."