भिंतीपलीकडचं हसू

बाबा गेल्यावर मी आईला थोड्या महिन्यांसाठी वसईहून ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळच्या डँडेनॉन्गला घेऊन आले. तिच्या परतीच्या तारखेआधीच कोविडमुळे विमानं बंद झाली आणि ती इथेच अडकली. नवरा फॅक्टरीत जायचा, त्याला लॉकडाऊनमध्येही कामावर जायचं परमिट होतं. मी बेडरूममध्ये हेडसेट लावून विम्याचे कॉल घ्यायचे. आई हॉलमध्ये एकटी, माझ्या कामात व्यत्यय नको म्हणून भांडीसुद्धा हळू ठेवायची.

आमच्या युनिटची, म्हणजे बैठ्या जोडघराची, एक भिंत शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांशी सामाईक होती. ते तरुणपणी इंग्लंडहून इथे आलेले. त्यांची बायको आदल्या वर्षी वारली होती. कानाने कमी ऐकू यायचं, त्यामुळे दुपारी त्यांचा टीव्ही आमच्याकडेही ऐकू यायचा. जुन्या ब्रिटिश विनोदी मालिका, त्यातल्या प्रेक्षकांचं हसू, आणि त्यावर त्यांचं स्वतःचं गडगडाटी हसू.

"एवढं काय बघतात गं ते?" आईने एकदा विचारलं.

मी कुंपणावरून त्यांना ते सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे दोन-दोन असलेल्या डीव्हीडींचं खोकंच दारात ठेवलेलं. प्रत्येक डबी जंतुनाशक वाईपने पुसून.

आईला त्यातलं इंग्रजी कळेना. पण नवरा-बायकोचं भांडण, नको त्या वेळी आलेला पाहुणा, कपाटात लपलेला जावई, हे सगळं तिला कळायचं. जेवताना ती मला गोष्ट सांगायची आणि तिची गोष्ट बहुतेक मूळ मालिकेपेक्षा चांगली असायची. हळूहळू ते काय लावतात ते कानाने ओळखून ती तीच डिस्क लावायला लागली. दोघांचे टीव्ही भिंतीच्या दोन बाजूंना.

"त्यांना सगळं पाठ आहे," ती म्हणाली. "टीव्हीतली माणसं हसायच्या आधीच ते हसतात."

एका सकाळी ते मास्क लावून कुंपणाशी आले. चेहरा अवघडलेला. म्हणाले, "तुझ्या आईला सांग, निळ्या डबीतली शेवटची डिस्क बघू नका. आम्ही तेव्हा अशा गोष्टींवर हसायचो. आता लाज वाटते."

मी आईला सांगितलं.

"बघितली मी ती," आई म्हणाली. "एका गोऱ्याच्या तोंडाला तपकिरी रंग लावून इंडियन केलाय. मान कशी हलवतो, बाई!"

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. पण आमच्या गावच्या नाटकात आम्ही गोरा साहेब दाखवायला तुझ्या मामाच्या तोंडाला डबाभर पावडर फासायचो. तेही सांग त्यांना."

मी सांगितलं. ते मास्कच्या आत एवढे हसले की चष्म्यावर वाफ धरली. त्या दिवसापासून आई त्यांना डाळीचा डबा कुंपणावर ठेवायला लागली आणि डबा परत यायचा तो त्यांच्या झाडाची लिंबं घेऊन.

मग हिवाळ्यात एका दुपारी मी कॉलवर असताना आई बेडरूमच्या दारात येऊन उभी राहिली. कॉल चालू असताना ती कधीच यायची नाही. मी हातानेच थांब म्हटलं. ती थांबली नाही.

"ते हसले नाहीत आज. एकदाही नाही. आणि आता डिस्क संपून ते सुरुवातीचं संगीत परत परत वाजतंय."

"झोप लागली असेल, आई."

"मी जाऊन बघते." मास्क लावून ती गेलीसुद्धा.

गिऱ्हाइकाला होल्डवर टाकून मी मागोमाग धावले. बाजूच्या फाटकातून आई आत शिरली होती. मागचं दार उघडंच होतं. ते कपडे धुण्याच्या खोलीत फरशीवर पडले होते, एक पाय विचित्र वळलेला, ओठ थंडीने निळे. टीव्हीच्या आवाजात हाका मारून मारून त्यांचा आवाज बसला होता. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. आईने स्वतःची शाल त्यांच्यावर घातली, फरशीवर बसली आणि त्यांचा हात हातात घेतला. तेव्हा कुणी कुणाला हात लावायचा नव्हता. ती हळू आवाजात नमो मरियाची प्रार्थना म्हणत होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मेट," इथे मित्राला म्हणतात तसं ते कसेबसे म्हणाले, "आधी ते संगीत बंद कर. वेड लागेल मला."

मी टीव्ही बंद केला आणि काय म्हणाले ते आईला सांगितलं. ती हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. बाबा गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. ते पडल्या पडल्या तिचा हात थोपटत राहिले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलमध्ये भेटायला परवानगी नव्हती. तिथल्या नर्सने दोनदा व्हिडिओ कॉल लावून दिला. आईने त्यासाठी चर्चला जायची साडी नेसली. तिने पूर्ण एपिसोड त्यांना मराठीत सांगितला, हातवारे करून, आणि ते योग्य जागी हसले. मी भाषांतर करायला बसले होते, पण तशी वेळच आली नाही.

राज्यांच्या सीमा उघडल्यावर त्यांची मुलगी त्यांना क्वीन्सलँडला घेऊन गेली. त्याआधीच आईला वसईला परतायला विमान मिळालं होतं, त्यामुळे दोघांची परत भेट झाली नाही.

पुढच्या वर्षी मुलीचा फोन आला, ते झोपेतच गेले. मी आईला कळवलं. त्या रविवारी तिने गावच्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा ठेवली. फादरनी विचारलं, कोण हे, नातेवाईक का? आई म्हणाली, "शेजारी आमचे." फादरनी मिस्सेत त्यांच्या नावापुढे तसंच वाचलं.