जाते तं जाय म्हणाव

हिंगण्याची खोली सोडली त्या दिवशी मी पिशवी घेतली, चप्पल घातली न दारात उभी राह्यली. नवरा बाजेवर बसून होता. माह्याकडं पाह्यलं नाही. बाजेखाली काळा कुत्रा झोपला होता, त्याले म्हणे, "जाते तं जाय म्हणाव."

ऑटोवाला हासला. मी नाही हासली. तिकडं बेसा भागात पोरीच्या फ्लॅटवर राहाले आली.

कमल, तू माही सख्खी लहान बहीण. परवा फोन करून म्हणते, "भाऊजी म्हणून राहिले, तिले घरी ये म्हणाव. या वयात काहून तमाशा करते वं बाई?" मंग आता ऐक. तू गावातच राह्यली, इकडचं तुले ठाऊक नाही.

माह्या सासरी मोठ्या माणसायसमोर नवऱ्यानं बायकोसंग बोलाची रीत नोती. तो सासूले सांगे, "भाकर आण म्हणाव." मीही सासूलेच सांगत जाय, "आणून राहिली म्हणाव." मले वाटे, लाजते माणूस. मंग त्याले कंपनीत काम लागलं. गाव सोडलं त्या सकाळी आपली माय बसपर्यंत आली होती. म्हणे, "पोरी, तिथं तुमी दोघंच. आता तरी बोलन तो."

एक खोली, दोघंच. पहिल्या दिवशी कामावरून आला, भिताडाकडं पाह्यलं न म्हणे, "चहा ठेव म्हणाव." मी खिदळली. वाटलं, मजाक करून राहिला. त्याच्या तोंडावर हासू नोतं.

पोट्टी झाली तशी भिताडाची सुट्टी झाली. "वर्षा, तुह्या मायले सांग, भाजी खारट हाये म्हणाव." पोट्टी बोलाले लागली न लागली, 'म्हणाव' शिकून गेली. तिचं लगन झालं, मंग त्यानं कुत्रा आणला.

अन् मुका नोता वं तो! पानठेल्यावर उभा राह्यला का अख्खी कंपनीची बस हासवे. शेजारणीले म्हणे, "काय वहिनी, आज भल्ल्या चमकून राहिल्या!" मुका फक्त माह्यापुरता. तू म्हणशीन, तूच काहून नाही बोलली? लय बोलली. भांडली, रडली, भिजवलेलं पीठ परातीत तसंच सोडून बसली. तं कुत्र्याले म्हणे, "बुढीचं डोस्कं फिरलं आज. गप राय म्हणाव."

मंग मोरीत पाय घसरला न माहा हात मोडला. मी तिथंच पडून बोंबलून राहिली. तो मोरीच्या तोंडापर्यंत आला. पाह्यलं. अन् बाहेर जाऊन शेजारणीले घेऊन आला, "विचारा तिले, काय झालं म्हणाव." हात दुखे, ते काही नाही. हे ऐकलं न मनात पक्कं केलं. पलास्तर निघालं न मीही निघाली.

इथं लिफ्ट हाये, सोसायटीतल्या बाया संध्याकाळी वॉकले बोलावते. मी आली तवा जावई रोज सकाळी विचारत, "आई, चहा घेता का?" मी मांगं वळून पाहत जाय, कोणाले विचारून राहिले म्हणून.

मागच्या ऐतवारी नवरा आला. इस्तरीचा शर्ट घालून. सोफ्यावर बसला न वर्षाले म्हणे, "तुह्या मायले सांग, चाल म्हणाव."

वर्षा म्हणे, "बाबा, समोर तं बसली हाये माय. तुमीच सांगा." अन् आत जाऊन दार लावून घेतलं.

जावई बाहेर गेलते. कुत्रा हिंगण्यात. टीव्ही बंद. मी थांबली. खरं सांगते कमल, माह्या तोंडाकडं पाहून नुसतं 'चाल' म्हटलं असतं ना, तं मी पिशवी उचलून त्याच्या मांगं गेली असती. त्यानं तोंड उघडलं. मले वाटलं, आता. तं पंख्याकडं पाहून म्हणे, "घरी चालते का म्हणाव."

आपल्यात नवऱ्याचं नाव घेत नाही. लगनात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. त्या दिवशी घेतलं. म्हटलं, "नामदेव, मी येत नाही."

लालेलाल झाला. उठला न त्या बंद दाराले म्हणे, "पाह्य म्हणाव, नवऱ्याचं नाव घेऊन राहिली तुही माय!" अन् चालला गेला.

आता त्यानं तुले धरलं. सासू झाली, भिताड झालं, पोट्टी झाली, कुत्रा झाला, आता तू होऊन राहिली. नको होऊ वं. तुह्यं दुखलंखुपलं सांगाले रोज फोन कर. त्याचं 'म्हणाव' घेऊन आली तं कट करीन.

घर कोणतं आता तुह्यं, म्हणून तू टोमणा मारला. गावचं घर भावाचं, खोली त्याची, फ्लॅट जावयाचा. माह्यं काहीच नाही. पण आज सकाळी जावयानं विचारलं, "आई, चहा?" तं मी मांगं नाही पाह्यलं. म्हटलं, "अर्धा कप द्या. साखर कमी."