साखरेला सोकावलेले जंतू आणि भुईगावची मोरी

माझ्या जंतूंनी अन्न टाकलं, म्हणून मी वसईला गेले. हे जंतू हवा लागली की मरतात. प्रथिनांतली अमिनो आम्लं फोडून त्यावर जगणं हा त्यांचा धर्म आणि माझ्या प्रबंधाचा विषय. पण ते भराभर वाढावेत म्हणून प्रयोगशाळेत कुणीतरी त्यांना साखरेवर पोसलं आणि स्वाऱ्या लाडावल्या. अमिनो आम्लांकडे ढुंकून बघेनात. साखर बंद केली, तर वाढायचेच थांबले.

सर म्हणाले, "नवा चिखल आणा, नवे जंतू काढा. तेही असेच निघाले तर विषय बदलू." इतका काळ त्या विषयाशी झटल्यावर हे ऐकून मी दुसऱ्याच दिवशी एक काचेची बरणी पिशवीत टाकून निघाले.

सकाळच्या गाडीने वसई रोडला उतरले. मिठागरांच्या कडेला खाडीचा उत्तम काळा चिखल मिळतो. जाणार असाल तर वहाणा हातात घ्या, नाहीतर त्या तिथेच राहतील. बरणी काठोकाठ भरून तोंडाला मेण लावत होते, तर मिठागरातला एक म्हातारा येऊन उभा राहिला.

"बाय, मीठ सोरून चिखल नेते?"

"हो."

"घरी मानसं हायेत ना?"

आहेत म्हटल्यावर तो जरा निश्चिंत झाला.

पुढे टांगा. भाडं बसण्याआधी ठरवा, कारण पापडी गाव मागे पडलं की घोडा आणि टांगेवाला दोघेही कुरकुरतात. भुईगावला मैत्रिणीच्या मामांची केळीची वाडी आहे. मामींनी बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली, वर सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली गोड केळी. जेवून आडवी झाले ती चहालाच उठले.

निघताना मामींनी माझी बरणी हातात दिली. लखलखीत, आणि आत लिंबाचा मुरांबा.

"पाहुणीचं भांडं रिकामं धाडत नाहीत गो आमच्यात. कोणी मेल्याने चिखल भरलेला त्यात! फेकला वाडीत, राखेने घासली."

चिखल उन्हात पसरून केव्हाच वाळला होता. पुन्हा खाडी गाठायची तर गाडी चुकणार. ज्या साखरेपासून पळाले तीच हातात घेऊन मला रडू फुटलं.

डोळे पुसायला परसात गेले, तर मोरीचं पाणी पडतं तिथे काळा गाळ साचलेला. वर्षानुवर्षं मासळी धुतलेलं पाणी पिऊन तो मजेत बुडबुडे सोडत होता. साखरेचं नाव नाही! मी पदर खोचला.

"आमच्या मोरीतली घाण मुंबईला नेणार?" मामी हादरल्याच. "तुझे साहेब काय म्हणतील? भुईगावच्या बाया मोरी घाशीत नाहीत?"

मामांनी वाद न घालता मुरांबा वाडग्यात काढला आणि खायला बसले. बरणी मी गोडवा पार जाईपर्यंत धुतली.

मुंबईला बिनसाखरेच्या मांसाच्या रश्श्यात ते जंतू वाढवले आणि काही दिवसांत आख्खा मजला रिकामा झाला. अमिनो आम्लं फोडल्याशिवाय असा वास सुटत नाही. नाकाला रुमाल लावून सर म्हणाले, "विषय राहू द्या." त्या दुर्गंधीत मी इतकी सुखावले की खिडकी उघडायचंही सुचलं नाही.

प्रबंधात जंतू कुठून आणले ते लिहावं लागतं. मी लिहिलं, 'भुईगाव येथील एका अत्यंत स्वच्छ घराची मोरी'. सरांनी 'अत्यंत स्वच्छ' खोडलं.

"याला पुरावा काय?"

"सर, त्यांनी माझा पहिला नमुना राखेने घासून काढला."

सरांनी ते दोन शब्द स्वतःच्या हाताने परत लिहिले.