न झालेल्या नाटकाची फी

रावसाहेब शेजवळ म्हणजे खांदेश्वरच्या सोसायटीतला चोख माणूस. जालन्याकडून आले, तीस वर्षं बसवर कंडक्टरकी केली, पण सुट्ट्या पैशांवरून कुणाशी कधी वाजलं नाही. निवृत्तीनंतर सोसायटीतली म्हातारी मंडळी कुठं निघाली की पुढारपण आपसूक त्यांच्याकडेच.

मार्चात वाशीला एक नाटक लागलं. सून संघमित्रानं शिकवलं तशी रावसाहेबांनी मोबाइलवर स्वतःच्या हातानं सगळ्यांची बारा तिकिटं काढली आणि दोन दिवस त्याच आनंदात फिरले. प्रयोगाच्या आदल्या दिवशी निरोप आला. नटाचा पाय मोडलाय, प्रयोग रद्द, पैसे परत मिळतील.

मिळाले. पण भरले होते सहा हजार पाचशे सोळा, आले सहा हजार.

काहीतरी चुकलं असेल म्हणून त्यांनी तिकीटवाल्या कंपनीला फोन लावला. जागृती नावाची मुलगी बोलली.

"काका, तिकिटाचे पैसे नाटकवाल्यांचे, ते पूर्ण परत दिले. वरची बुकिंग फी आमची. ती परत होत नाही."

"अगं पोरी, पण नाटकच झालं नाही!"

"नाटक नाही झालं, पण बुकिंग झालं ना? सीट धरून ठेवली, पेमेंट घेतलं, त्याचे बँकेला पैसे गेले. आमचं काम झालं, काका."

रावसाहेबांनी फोन ठेवला. बस बंद पडली की ते त्याच तिकिटावर सगळ्यांना मागच्या गाडीत चढवून द्यायचे. तिकीट फाडल्याचे माझे वेगळे द्या, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

संघमित्रानं पैसे भरायच्या पानावरची तळाची बारीक ओळ दाखवली. सगळं लिहिलेलं होतं.

"बाबा, याच्याखालचं 'मान्य' तुम्हीच दाबलंत."

"मी?" रावसाहेबांनी ती ओळ पुन्हा वाचली. "म्हणजे मीच कबूल झालो?"

संध्याकाळी ते खिशातली भर घालून सगळ्यांचे पैसे द्यायला निघाले. पहिल्याच दारात सुंदराबाईंनी तिकिटाचे पाचशे तेवढे घेतले.

"वरचे कशाला? तो नट काय तुमच्या जिन्यावरून पडला?"

मे महिन्यात नाटक पुन्हा लागलं. या खेपेला रावसाहेब सकाळीच वाशीला जाऊन खिडकीवर उभे राहिले. बारा तिकिटं, सहा हजार, वर एक पैसा नाही. तरी त्यांनी विचारून घेतलं, "आणि रद्द झालं तर?"

"पूर्ण पैसे परत," आतला माणूस म्हणाला. "फक्त तिकिटं घेऊन इथं यायचं. येण्याजाण्याचा खर्च तुमचा."