ओमोयेअक्काचं धाकटेपण

कासेर्ताच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. तिथे ओमोयेअक्का एका इटालियन म्हातारीला सांभाळते. म्हातारी अंथरुणाला खिळलेली. तिला कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं आणि तिने हाक मारली की उठायचं. तिच्याआधी एक म्हातारा होता. त्याच्याआधी तंबाखूची शेतं होती आणि टोमॅटोच्या रांगा, वाकून वाकून संपवलेल्या. अक्काचे गुडघे आता जिना दिसला की आधीच बोलायला लागतात.

लागोसच्या पूर्वेकडच्या आमच्या एसान मुलखातून ती निघाली तेव्हा तेहेतीस वर्षांची होती. तिला आणणारा माणूस म्हणाला, तिशी उलटलेल्या बाईला तिकडे कोण काम देणार? त्याने पासपोर्टात तिची दहा वर्षं कापून टाकली. १९५९ ची अक्का १९६९ ची झाली. तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. दहा वर्षं फुकट मिळाली तर कोणाला नको असतात? पण ती वर्षं कुठे गेली नव्हती. पुढे चालत जाऊन वाटेत बसून राहिली होती. इथे सदुसष्ट झाल्यावर पेन्शन मिळते. अक्काच्या हाडांच्या हिशेबाने ती पुढच्या वर्षी यायला हवी. कागदाच्या हिशेबाने अजून अकरा वर्षं काम करायचं आहे.

त्यात पासपोर्टाची मुदत संपली. आता आमच्या देशाचा ओळख नंबर घेतल्याशिवाय नवा पासपोर्ट मिळत नाही. पासपोर्ट नाही तर इथे राहण्याचा परवाना नाही, परवाना नाही तर काम नाही. आणि नंबर एकदा बोटांच्या ठशांना चिकटला की जन्माचा. त्यात जे साल लिहिलं तेच शेवटपर्यंत.

"खरं सांगून टाकू का?" तिने मला गाडीत विचारलं होतं. रविवारी मीच तिला आमच्या एसान लोकांच्या मंडळात घेऊन जातो.

"परवान्यावर एक साल, नंबरावर दुसरं. पोलिसांच्या कचेरीत काय सांगशील?"

"सांगेन की दमले."



नंबराचे नोंदणीवाले रोमहून मशीन घेऊन आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये आले होते. त्यांचे इदोवू साहेब लागोसचे, तरतरीत माणूस. म्हणाले, "जो आधी आला त्याने आधी बसा."

आमचे अध्यक्ष ओदिओनबाबा हसले. "साहेब, आधी आला म्हणजे कुठे? हॉलमध्ये की जगात?"

आमच्याकडे रांग वयाची असते. आधी जन्मलेला आधी बसतो, आधी बोलतो, मटणातला मान त्याचा. धाकट्याने झाडायचं, वाढायचं, भांडी घासायची. तरुण बायका सगळ्या जर्मनीला नाहीतर इंग्लंडला निघून गेल्या, म्हणून साठी ओलांडलेली अकुगबेच आमच्यात धाकटी उरली. इतकी वर्षं तीच कुरकुरत भांडी घासते. अक्का बायकांत सगळ्यात मोठी. बकऱ्याच्या कमरेचा तुकडा तिचा, आणि अकुगबेच्या भांड्यांना साबण राहिला असं सांगायचा हक्कही तिचाच.

बाबांनी कोलाची बी फोडली, पूर्वजांना हाक दिली, सगळ्यांनी एकेक पाकळी चावली. उरलेल्या कोलाची बशी मशीनशेजारीच राहिली. पहिला नंबर बाबांचा, मग अक्का.

"जन्मसाल?" इदोवू साहेबांचा आवाज हॉलभर जाणारा.

अक्काने गुडघ्यांवर हात ठेवले. "एकोणीसशे एकोणसत्तर."

मग मागून अकुगबे म्हणाली, "अगं माझ्या आई! मी चौसष्टची! म्हणजे इतकी वर्षं मी माझ्या धाकट्या बहिणीची ताटं घासत होते?"

हसण्याचा नुसता पूर आला. "ऊठ गं पोरी, मोठ्यांना बसू दे!" "हिचं लग्न व्हायचंय अजून!" बाबासुद्धा काठी आपटून हसले. कारण कागदावरचं वय खोटं, हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्यातल्या कोणाचं वय कुठे कापलंय, कुठे जोडलंय, हे आम्ही एकमेकांना विचारत नाही.

इदोवू साहेब मात्र हसले नाहीत. "सांगितलेलं सगळं खरं आहे, असं म्हणा."

अक्काने बशीतल्या कोलाकडे पाहिलं. आमच्याकडे कोला फोडल्यावर तिच्यासमोर माणूस जे बोलतो ते मेलेली माणसं ऐकतात. मी मनात म्हटलं, बाई, ही सरकारी गोष्ट आहे, म्हणून टाक आणि मोकळी हो.

"खरं आहे," अक्का म्हणाली. मग एकेक बोट काचेवर ठेवलं.

जेवणात कुटलेल्या याम कंदाचे गोळे होते, बकरा होता. कमरेचा तुकडा तिच्यासमोर आला. तिने ताट अकुगबेकडे सरकवलं.

"अक्का, गंमत केली गं," अकुगबे म्हणाली.

"तू केलीस. मी नाही."

बाबा समजुतीने म्हणाले, "पोरी, सरकारापुढचं वेगळं, आपलं वेगळं."

"बाबा, कोला समोर होती."

तुकडा अकुगबेच्या ताटात थंड झाला. जेवणं उरकल्यावर अक्का उठली, भिंतीला धरत नळापाशी गेली आणि भांड्यांना हात घातला. कोणी मदतीला गेलं की म्हणायची, "मोठ्यांनी बसावं."

पुढच्या सभेला ती सगळ्यांच्या आधी येऊन हॉल झाडत होती. त्याच्या पुढच्या सभेलाही. एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जाताना मधे खांबाला टेकायची. अकुगबेने कागदी ताटं आणली तर अक्काने तिच्यावर डोळे वटारले. जेवताना आता कोणी फारसं हसत नसे. तिच्या हट्टाने आमचा घास कडू झाला होता, आणि तिला ते कळत नव्हतं असंही नाही.

शेवटी एका रविवारी अकुगबेने तिच्या हातातला झाडू धरला.

"सोड," अक्का म्हणाली.

"मी चौसष्टची. तू?"

अक्काने झाडू ओढून पाहिला.

"कोलासमोर बोललीस ना? मग मी मोठी. मोठीचं ऐकायचं की नाही?"

"ऐकायचं."

"मग मी सांगते, झाडू खाली ठेव. त्या खुर्चीत बस. मी ऊठ म्हणेपर्यंत उठायचं नाही. उलट बोललीस तर बाबांना दंड करायला लावीन."

अक्काने तिच्याकडे पाहिलं. चिडावं की काय करावं ते तिला कळेना. मग ती हळूच म्हणाली, "बरं, ताई."

इतक्या वर्षांत तिने अकुगबेला ताई म्हटलेलं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. अकुगबे तोंड फिरवून खसाखसा झाडायला लागली.

अक्का खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. वाढायच्या आतच तिचा डोळा लागला, मान एका बाजूला, तोंड जरासं उघडं. कोणी मोठ्याने बोललं की अकुगबे डोळ्यांनीच दटावायची. तिचं ताट झाकून ठेवलं.

म्हातारीकडे परतायची वेळ झाली तेव्हा तिला उठवायला कोणीच पुढे होईना. मी गाडीची किल्ली हातात घेऊन उभाच राहिलो.