सभेतला आवाज

लॅपटॉप टिकटिकायला लागला तेव्हा मी त्याला आधी दोन चापट्या मारल्या. आमच्या घरी रिमोटपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांवर हाच इलाज चालतो. तो जुना खटारा सुरू होईपर्यंत चहा करून पिऊनही व्हायचा. एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, टाकली की पळेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

नौपाड्यात माझ्या ऑफिसखालीच दुकान आहे. दुकानदाराने लॅपटॉप चालू करून कान लावला आणि त्याचा चेहरा बदलला. "मॅडम, एसएसडी कुठल्यापण कंपनीची घ्या, फक्त ह्याला साधी सॅटा जोडणीवालीच बसेल. पण ही जुनी डिस्क जातेय. आत काय आहे?"

आत बाबांचा आवाज होता.

बाबा मानपाड्यातल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. मागाहून कुणी शब्द फिरवू नये म्हणून प्रत्येक सभा ते ह्याच लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचे. गेल्या वर्षी कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. आता ते पाटीवर लिहून बोलतात. आयुष्यभर बोलणारा माणूस, पण त्यांचा आवाज उरला तो फक्त टाकीच्या गळतीवरून झालेल्या भांडणांत. त्याचीही दुसरी कॉपी नव्हती.

"ठेवून जा, आजच कॉपी मारून देतो," दुकानदार म्हणाला. मी बाबांना मेसेज केला. उत्तर आलं, सोसायटीच्या गोष्टी परक्याच्या हातात द्यायच्या नाहीत, घरी आण. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण ज्याला ओरडता येत नाही त्याच्याशी भांडायचं कसं? मी एसएसडी आणि ती जोडायची केबल घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि सकाळीच कॉपी लावली. डिस्क टिकटिकायची, मध्येच गप्प व्हायची, पुन्हा टिकटिकायची. एकाच सभेने सगळी सकाळ खाल्ली. आई घाईघाईने मिक्सर फिरवत होती, बादल्या भरत होती. शेजारच्या काकू दारातून आईला म्हणाल्या, "वहिनी, खाली जायचं तर आत्ताच चला, मग लिफ्ट नाही." सगळं मला ऐकू येत होतं. डोळे मात्र कॉपीच्या त्या हिरव्या पट्टीवर.

आई बाहेर आली. "अगं, आज शुक्रवार ना? लाइट जाईल!"

आमच्याकडे दुरुस्तीसाठी शुक्रवारी लाइट जाते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, इन्व्हर्टरवर फक्त पंखे आणि दिवे. मी उठेपर्यंत स्क्रीन काळी झाली. टिकटिकही थांबली.

लाइट आली, पण डिस्क काही पुन्हा फिरली नाही. मी एसएसडी ऑफिसच्या लॅपटॉपला जोडली. आली होती ती एकच सभा. मला रडू येत होतं आणि बाबांचा रागही. तरी त्यांना शेजारी बसवून मी ती लावली.

खुर्च्या सरकल्याचा आवाज, चारपाच जणांचा एकदम कलकलाट आणि मग बाबा, खणखणीत. "थांबा! आधी माझं पूर्ण ऐकून घ्या. मी..."

पुढचा भाग कोराच कॉपी झाला होता. पट्टी सरकत राहिली, आवाज नव्हता. मी बंद करायला हात पुढे केला. बाबांनी पंजा वर करून मला थांबवलं, सभेत मध्येच बोलणाऱ्याला थांबवायचे तसं.

आई ओल्या हातांनीच येऊन बसली. सभा संपेपर्यंत आम्ही तिघं ऐकत राहिलो.