झोळी रिकामी होती त्या दुपारी

आत्या काल गेली.

आता माझ्या बाबांचं डोकं हुंगणारं कुणी उरलं नाही.

भेट झाली की आत्या आधी दोन्ही हातांनी त्यांचं डोकं खाली ओढायची, हुंगायची आणि मगच बोलायची. पासष्टीच्या माणसाचं डोकं. आम्ही हसायचो.

मागच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये बाबा चहा आणायला खाली गेले, तेव्हा म्हणाली, "दार लोटून घे वं. एक सांगतो. मी गेल्यावर त्याले सांगजो."

साठ सालच्या आसपासची गोष्ट.

पांढरकवड्याजवळ आजोबांची तीन एकर संत्र्याची बाग. आमच्यात डुकरं पाळायचे, ते गावाला खपायचं नाही, म्हणून घरही बागेतच.

व्यापारी चांगला माल निवडून न्यायचा. गळलेली, डागी संत्री डुकरांना. ती टोपलीनं कुंपणापर्यंत वाहून नेणं हे नऊ वर्षांच्या आत्याचं काम.

आणि पाच महिन्यांच्या बाबांना सांभाळणं, हेही.

"त्या दिवशी कंटाळा आला. म्हटलं, मी कायले वाहू? तेच येऊन खातीन. फाटक उघडून देल्लं."

बांधावरच्या आंब्याला, अगदी खाली, बाबांची झोळी टांगलेली होती. तिच्या ध्यानातच राहिली नाही.

आजी दूर कापूस वेचत होती. झाडांखाली डुकरांच्या दातांत संत्री फुटत होती.

मग एकाएकी सगळं शांत झालं.

"डुकरं खातानी चूप राह्यत नाहीत, पोरी. चूप झाली म्हणून मी धावली."

झोळी रिकामी. एका बाजूनं फाटलेली.

डुकरं भोवती गोल उभी. तोंडं ओली. सगळी तिच्याकडे बघत होती.

ती ओरडली नाही. परकरानं एकेकाचं तोंड पुसलं आणि कापड उन्हात धरून पाहिलं.

पिवळंच होतं.

मग दिसलं, मोठी डुकरीण त्यांच्यात नाही.

ती झाडांच्या शेवटच्या ओळीत आडवी पडली होती. पोटाशी पिल्लं. पिल्लांमध्ये बाबा. झोपलेले. अंगावर ओरखडा नाही.

"उचललं तं ती हलली नाही. नुसती पाहे. मी हौदावर त्याले धुतलं. मायले सांगितलं, झोळी काट्याले अडकून फाटली. पण तो डुकरिणीचा वास गेला नाही. मी उचललं ते आपलंच होतं ना, हुंगून एवढंच पाहो मी."

"मग? गेला का वास?"

तिनं दाराकडे बघितलं. बाबा चहा घेऊन आले होते.

आज सकाळी राख सावडून आल्यावर बाबांना सांगितलं. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. मग एवढंच विचारलं, "त्या डुकरिणीचं काय झालं मंग?"

आत्यानं तेही सांगितलं होतं, दुसऱ्या दिवशी.

तान्हे बाबा रडले की डुकरीण कुंपणाशी येऊन उभी राहायची. आत्याला ते सहन होईना. तिनंच आजोबांच्या मागे लागून तिला खाटकाला द्यायला लावलं.

न्यायच्या दिवशी डुकरीण जागची हलेना. शेवटी आत्यानं बाबांना कडेवर घेतलं आणि रस्त्यापर्यंत पुढे चालत गेली.

ती निमूट मागे आली.

"म्हातारी होऊन मेली," मी बाबांना म्हटलं. "बागेतच."

"बरं झालं," बाबा म्हणाले.

बाबा फेसबुकवर नाहीत. ओळखीच्यांनी एवढं सांभाळा.

आत्या, तुझं सगळं सांगितलं. हे एक माझ्याकडे राहू दे.

तू निवांत जा.